खण आणि दिवा

पाड्यावरून सुरगाण्यास सातबाऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला त्याची नोंद कोणत्या तबकडीवर आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, तेव्हापासून आम्हांला सर्व्हरविषयी कुतूहल वाटते. फिरणारी हार्ड डिस्क कधीतरी बिघडणारच. ती बदलण्यासाठी पूर्वी यंत्र बंद करून पेटी उघडावी लागे, स्क्रू काढावे लागत. आता डिस्क दर्शनी खणांत बसवतात. खटका दाबून मूठ ओढली की ती बाहेर येते. यंत्र चालूच राहते. संत योसेफांनाही हे सुतारकाम आवडले असते! तरी मुठीहून बिघडलेला खण दाखवणारा दिवा आम्हांला मोलाचा वाटतो. दोनच प्रती असताना चुकून शेजारची चांगली डिस्क ओढली गेली, तर पाड्यावरचा माणूस त्या दिवशी रिकाम्या हातांनी परततो.