आवक शिक्का

माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो पेणला दिला आणि रोह्याची गाडी पकडली. खारेपाटातल्या बांधबंदिस्तीवर किती खर्च झाला, एवढंच विचारलंय. ‘कशाला हवंय तुम्हाला?’ हे ऐकावं लागलंच. कायद्यानं कारण सांगावं लागत नाही, तरी माझा घसा कोरडा पडला. ही भीती कुठून येते कोण जाणे! चोरी थोडीच करतोय?

याच पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ला सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, मत दिलं होतं. सरकारनं गावांना विचारलं, तेही आंदोलनं झाल्यावरच. माहितीचा कायदा तरी कुठे सुखासुखी आला? अण्णा हजारेंच्या उपोषणांनंतर राज्यात २००२चा, मग १२ ऑक्टोबर २००५पासून केंद्राचा.

कासू गेल्यावर पोच काढून पाहिली. शिक्क्याची जांभळी शाई फिसकटलेली; तारखेत तीन आहे की आठ, कळेना. तीस दिवस मोजायचे ते त्यावरूनच.

शेजारचे काका वाकून बघत होते. ‘आमच्या रस्त्याचंही विचारता येईल का हो?’

‘येईल की. अर्ज मात्र तुमच्या नावानं करा.’

‘मग राहू दे. मुलगा धाटावला कंत्राटावर आहे.’

रस्त्याचा आणि त्याच्या नोकरीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.