व्हॅक्सिन डेपोच्या सावलीत

परगावचा पाहुणा बेळगावी आला म्हणजे आम्ही त्याला ठरलेली ठिकाणे दाखवितो. किल्ल्यातील कमलबस्ती, दक्षिणकाशी म्हणून ओळखले जाणारे कपिलेश्वराचे देऊळ, शहापूरच्या गल्ल्या आणि टिळकवाडीतील काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्माजींनी आयुष्यात एकदाच त्या सभेचे अध्यक्षपद स्वीकारले, ते या भूमीवर. एवढे सांगून झाले की आम्ही पाहुण्याच्या हातावर कुंदा ठेवतो आणि बेळगाव दाखवून झाले, असे समजतो.

त्याच टिळकवाडीतील एक ठिकाण मात्र दाखवायचे राहून जाते. त्याचे नाव व्हॅक्सिन डेपो. मोठमोठ्या वृक्षांनी झाकलेले हे विस्तीर्ण आवार म्हणजे शहराचा श्वास. पहाटे फिरावयास येणारी निवृत्त मंडळी, धावणारी तरुण मुले, पावसाळ्यात झाडांच्या बुंध्यांवर चढणारे शेवाळ, हे सारे नित्याचे. पण या रानाला हे इंग्रजी नाव का, हे शाळेतल्या मुलांना विचारले तर दहांतील नऊजण गप्प बसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याची देवीची लस तयार करणारी संस्था येथे उभी राहिली. वासराच्या अंगावरची कातडी तासून तेथे लशीचे बीज टोचीत आणि काही दिवसांनी त्या जागी जमलेला द्रव काढून घेऊन त्यापासून लस सिद्ध करीत. १९६२ साली देशात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उष्ण हवेत टिकणारी कोरडी लस पुढे देशात ज्या चार ठिकाणी तयार होऊ लागली, त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला आमचे बेळगाव होते. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि १९८० साली सारे जग. देवीच उरली नाही, तेव्हा तिची लसही उरली नाही. नाव तेवढे उरले.

माझ्या डाव्या दंडावर या जागेची खूण आहे. रुपयाएवढा तो वण माझ्या विद्यार्थ्यांना नवलाचा वाटतो. आई सांगे, गावात ‘देवी डॉक्टर’ आल्याची हाक उठली, तेव्हा आजीने मला कणगीमागे लपविले. तो गृहस्थ रागावला नाही. ‘तुम्ही लपवा, मी बसतो,’ असे म्हणून तो ओट्यावर बसला. तांब्याभर पाणी मागून घेतले. दिवेलागणीला मी भुकेने रडू लागलो, तेव्हा आजीचा नाइलाज झाला. त्या माणसाचे नाव कोणाच्या लक्षात नाही. त्याचा धीर मात्र माझ्या दंडावर राहिला आहे.

गेल्या आषाढात हे सारे पुन्हा आठवावे असा प्रसंग घडला. कन्या कोल्हापूरहून माहेरपणास आली होती. नातीला नववा महिना पुरा होऊन दहावा लागला होता. गोवर-रुबेलाची लस द्यावयाची होती. पावसामुळे कोल्हापूरची फेरी लांबली, म्हणून येथेच लस द्यावी असे ठरले. मी रजा टाकली, रिक्षा केली, आणि आम्ही तिघे शहरातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. केंद्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे प्रसंग कोणत्याही केंद्रात घडू शकतात, आणि माझ्यासारख्याच्या शाळेतही घडतात.

दोन खोल्या, बाहेर एक लांब बाक, भिंतीवर कन्नडमधील फलक, छत्र्यांचे ओघळ. आमच्या पुढे खेड्यातून आलेली एक बाई होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, कडेवर मूल, पदराखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कार्ड. आतल्या सिस्टर चाळिशीच्या. टेबलावर तीन नोंदवह्या. त्यांनी कार्ड पाहिले न पाहिले आणि म्हणाल्या, “मुंदिन वार बर्री.” पुढच्या आठवड्यात या. बाईने काहीतरी पुटपुटून पाहिले, पण सिस्टरांनी मान वर केली नाही. ती बाई मुकाट्याने पावसात निघून गेली. मी ते पाहिले. मनात आले ते एवढेच, की चला, आपला नंबर लागला.

आमचे कार्ड त्यांनी उलटसुलट केले. ते कोल्हापूरचे, मराठीतले. “इदु महाराष्ट्रद्दु. अल्ले होग्री.” हे महाराष्ट्राचे, तिकडेच जा. वास्तविक मला कन्नड उत्तम येते. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढली ती त्या भाषेतले कागद वाचूनच. परंतु त्या क्षणी मी हट्टाने मराठीत उत्तर दिले. लसीकरणाचा कार्यक्रम साऱ्या देशाचा आहे, १९८५ पासून चालू आहे, वेळापत्रकही राष्ट्रीय आहे, अशी मी त्यांची शिकवणीच घेतली. त्यांना मराठी येत नव्हते असे नाही. या शहरात ते न येणारा विरळा. पण त्याही हट्टाने कन्नडमध्येच बोलत राहिल्या. दोघांना दोन्ही भाषा अवगत, आणि दोघांपैकी एकही दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाऊल टाकावयास तयार नाही! शेवटी मी ठेवणीतले अस्त्र काढले.

“मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे.”

“शाळेत तुम्ही. इथं मी,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मात्र शुद्ध मराठीत आले.

बाकावरच्या दोन बायका हसल्या. माझ्या कानशिलात रक्त चढले. तक्रार करीन, वरिष्ठांना लिहीन, असे काहीबाही मी बोलू लागलो. तोच कन्येने माझ्या कोपराला हात लावला. “अप्पा, तुम्ही जरा बाहेर बसता का?” तिचा स्वर आर्जवी होता, पण त्यात आज्ञाही होती. मी बाहेर येऊन बसलो.

बाकावरून आतले सारे दिसत होते. कन्या लगेच काही बोलली नाही. समोरच्या दोघींची कामे होऊ दिली. नातीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, “अक्का, तारखा मी वाचून दाखवते. आधीचे सगळे डोस झालेत. फक्त नवव्या महिन्याचं राहिलंय. अडचण कार्डाची आहे, की लशीची?”

एवढा साधा प्रश्न! तो मला सुचला नव्हता. मी नियम सांगितले, हुद्दा सांगितला, अडचण विचारली नाही.

सिस्टरांनी पेन खाली ठेवले. मग हळूहळू खरे कारण बाहेर आले. ही लस कोरडी येते आणि द्रव मिसळून तयार करावी लागते. एकदा मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. कुपी अनेक बाळांची. सकाळी फोडलेलीची वेळ संपली होती. आता एका बाळासाठी नवी फोडली, तर बाकीचे डोस वाया जाणार, आणि महिन्याच्या हिशेबात वाया गेलेल्या लशीबद्दल त्यांना विचारणा होणार. “मग बोलणी मी खायची,” त्या म्हणाल्या. जोडीची दुसरी सिस्टर रजेवर होती. सकाळपासून त्या खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

“मग डॉक्टरांना एकदा विचारायचं का?” कन्या म्हणाली. “तुमची तक्रार म्हणून नव्हे. त्यांनी सांगितलं तर तुमच्यावर काही येणार नाही. नाही म्हणाले, तर मी पुढच्या आठवड्यात येईन.”

सिस्टरांनी फोन लावला. पलीकडून उत्तर थोडक्यात आले असावे. एक बाळ असले तरी कुपी फोडावी, बाळाला परत पाठवू नये, हाच कार्यक्रमाचा दंडक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी बाकावरून पाहिला.

तेवढ्यात माझ्या मनात लख्ख उजेड पडला. ती भिजलेली बाई! तिच्याही मुलाला हीच लस हवी असणार. दोन बाळे असती, तर हा प्रश्न निम्म्याने हलका झाला असता. मी छत्री न घेताच रस्त्यावर धावलो. थांब्यावर दोन शाळकरी मुली तेवढ्या उभ्या होत्या. बस नुकतीच गेली, असे त्यांनी सांगितले.

भिजून परत आलो आणि सिस्टरांना कन्नडमध्ये सांगितले, “त्या मघाच्या बाई गेल्या.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. काही क्षण कोणीच बोलले नाही. मग त्यांनी नोंदवही उलटून गाव शोधले आणि तिथल्या आशाताईंना फोन लावला. “उद्या सकाळी त्यांना घेऊन या. मी फोडते,” असे त्या म्हणाल्या. मला उद्देशून म्हणाल्या, “कूड्री, सर.” बसा. त्या ‘सर’मध्ये टोचणी नव्हती.

पुढचे काम मात्र पाहण्यासारखे होते. त्यांनी कुपीवरचा छोटा चौकोन आम्हांला दाखविला. तो भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर उष्णतेने लस बिघडलेली नाही, असे समजावे. कुपी मिसळून तिच्यावर वेळ लिहिली. पुन्हा वापरता न येणारी सिरिंज पाकिटातून आमच्यासमोर काढली. उजव्या दंडात गोवर-रुबेला, डाव्या दंडात पोलिओ, मांडीत न्यूमोनियाची, आणि शेवटी तोंडात ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस. नात रडण्यासाठी श्वास घेते न घेते, तोच दंडातली सुई बाहेर आली होती. “आयतु, कूसु, आयतु,” झाले बाळा, झाले. हाताची ती सफाई हजारो बाळांनी दिलेली. मग अर्धा तास थांबण्यास सांगून, ताप आला तर काय करावे, टोचलेली जागा चोळू नये, पुढची तारीख कोणती, कार्ड कसे जपावे, हे सारे त्यांनी स्वच्छ मराठीत समजावले. मराठी कार्डावर कन्नडमध्ये नोंद केली. ते कार्ड आता दोन लिप्यांचे झाले आहे.

तो अर्धा तास मी त्या बाकावर बसून होतो आणि मन थाऱ्यावर नव्हते. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोहीम आरंभी ज्या राज्यांत सुरू झाली, त्यांत कर्नाटक आणि गोवा होते. तेव्हा परिचारिका आमच्या शाळेत आल्या होत्या. अफवांनी बिथरलेल्या पालकांना मी दारात उभा राहून समजावीत होतो. कोणी रागावले, तरी मी रागावलो नाही, कारण तेव्हा मी देणाऱ्यांच्या बाजूला होतो. पण त्याच शाळेच्या कचेरीत मी किती पालकांना ‘दाखल्यावर शिक्का नाही, परवा या’ म्हणून परत पाठविले असेन! वीटभट्टीवरचा एक बाप दोनदा परत गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. त्याचा मुलगा पुढे कोठे शिकला, शिकला की नाही, मला ठाऊक नाही. नियम मी मोडला नव्हता. फक्त अडचण काय, हे विचारले नव्हते.

सिस्टरांचे वागणे बरोबर होते, असे मला म्हणावयाचे नाही. रोजगार बुडवून पावसात आलेल्या बाईला एका वाक्यात परत पाठविणे चूकच. मात्र ती चूक माझ्या देखत घडत असताना मी नंबर पुढे सरकल्याचा आनंद मानला, ही माझी चूक तिच्याहून लहान नाही. म्हणून परमुलखात, दोन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या आपल्या घरांतील लेकीसुनांना मी एवढेच सांगेन. कार्ड सोबत असू द्या, मग ते कोणत्याही प्रांताचे असो. नकार मिळाला, तर तो कशाचा, हे शांतपणे विचारा. निर्णय ज्याच्या हाती असेल, त्याला विचारण्याची विनंती करा. समोरच्याची भाषा येत असेल, तर दोन शब्द त्या भाषेत बोला. त्याने आपली मराठी उणावत नाही. आणि आपल्यापुढचा माणूस परत फिरत असेल, तर त्याला जरा थांबवा.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. या देशातले ते पहिले यशस्वी लसीकरण मानतात. तेव्हापासून ही लस दंडादंडाने, दारादाराने पुढे गेली आहे. घरी परतताना मी रिक्षा मुद्दाम व्हॅक्सिन डेपोवरून घेतली. पाऊस थांबला होता आणि झाडांवरून थेंब गळत होते. नात आईच्या खांद्यावर निजली होती. तिच्या दंडावर माझ्यासारखा वण राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या केंद्रात गेलो. बाकावर गर्दी होती. सिस्टरांनी मला दारातच पाहिले आणि मान हलवून सांगितले, “बंदिद्रु.” त्या आल्या होत्या.