आधी वारा बदलला

परवा शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन नेहमीप्रमाणे काहीबाही वाचत बसलो होतो. वाचता वाचता ग्रीनलंडच्या बर्फात जाऊन पोचलो आणि तिथे मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती आधी सांगून टाकतो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. आमची सिस्टिम पंधरा दिवसांपासून अधूनमधून धापा टाकत होती. शुक्रवारी डिस्क भरत आली म्हणून मी जुन्या लॉग फाईल्स उडवल्या. बॅकअप? छे, लॉगचा बॅकअप कोण घेतो! रविवारी रात्री सगळं आडवं झालं. सोमवारी मीटिंग. डेटाबेस स्लो झालेला सगळ्यांना दिसत होता आणि डेटाबेसमधला शेवटचा बदल टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने केला होता. झालं! खापर त्याच्या डोक्यावर. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे सांगू शकणाऱ्या फाईल्स मीच पुसल्या होत्या. पण मी गप्प बसलो.

असो. आता बर्फाकडे.

ग्रीनलंडच्या आतल्या भागात पडलेला बर्फ सहसा वितळत नाही. या वर्षीच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर, त्यावर त्याच्या पुढच्या.. असं हजारो वर्षं चाललंय. म्हणजे लॉग फाईलच की ही! फरक इतकाच की नवीन ओळ वर येते आणि जुनं वाचायला खाली जावं लागतं. 'नॉर्थग्रिप' नावाच्या प्रकल्पात शास्त्रज्ञ ३,०८५ मीटर खाली गेले. बर्फाच्या लांब कांड्या काढत काढत २००३ मध्ये तळाला पोचले.

आणि या लॉगमध्ये लिहिलेलं काय असतं? तर वारा! वारा स्वतः गोठत नाही, पण त्याने वाहून आणलेला माल गोठतो. कॅल्शियम वाढलं की धूळ जास्त आली असं समजायचं. हिमयुगातली तिथली धूळ मुख्यतः पूर्व आशियातल्या वाळवंटांतून उडालेली, म्हणजे अर्धं जग ओलांडून आलेली. सोडियम म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्याने उडवलेलं मीठ. शिवाय बर्फाच्या पाण्यातले काही अणू नेहमीपेक्षा जड असतात. जड ऑक्सिजन किती आहे यावरून तिथल्या तापमानाचा अंदाज येतो. त्याची जड हायड्रोजनशी तुलना केली, की ती वाफ उबदार समुद्रावरून उठली की गार, याचा सुगावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. ११,७०० वर्षांपूर्वी 'यंगर ड्रायस' हा थंडीचा मोठा झटका संपला आणि आपला आजचा काळ, होलोसीन, सुरू झाला. त्याची अधिकृत सुरुवात भूशास्त्रज्ञांनी याच बर्फात, १,४९२ मीटर खोलीवर नक्की केली आहे. तिथला बर्फ योर्गेन पेडर स्टेफेन्सन आणि सहकाऱ्यांनी बारकाईने तपासला आणि २००८ मध्ये निकाल 'सायन्स'मध्ये छापला. क्रम असा निघाला: आधी आशियातली धूळ कमी होऊ लागली, कारण तिकडे ओल वाढली होती. मग वाफ येण्याची जागा बदलली, तीही एक ते तीन वर्षांत! ग्रीनलंडची हवा तापली ती नंतर, पन्नासेक वर्षं घेत. १४,७०० वर्षांपूर्वीच्या तापण्यातही हाच क्रम.

सुरुवात कदाचित विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेला सरकल्याने झाली असावी, असं त्यांना वाटतं. दर जूनमध्ये ज्याच्या सरकण्याची आपण वाट बघतो, तोच हा पट्टा.

म्हणजे बघा, फक्त थर्मामीटर घेऊन बसलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळलं असतं. आजच्या तापण्याचं मूळ अर्थात वेगळं आहे, आपल्याला चांगलं माहीत असलेलं, आपलाच धूर. पण वाऱ्यांची घडी दोन-तीन वर्षांत मोडू शकते, हे त्या बर्फाने लिहून ठेवलंय. एका गृहकर्जाच्या मुदतीत तसं सात वेळा होऊ शकेल!

आणि या लॉगलाही बॅकअप नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये कॅनडात, एडमंटनच्या विद्यापीठात शीतगृह बिघडलं आणि कॅनडाच्या आर्क्टिकमधून आणलेल्या बर्फाचा सुमारे आठवा हिस्सा वितळला. हजारो वर्षांच्या नोंदी फरशीवर पाणी होऊन पसरल्या. वाचताना पोटात खड्डा पडला. त्या लोकांनी निदान ते लगेच जगाला सांगितलं.

मी नव्हतं सांगितलं. आमच्याकडे डेटाबेस हा थर्मामीटर होता. तापलेला सगळ्यांना दिसला, म्हणून दोषी ठरला. त्याच्या आधी काय बदललं होतं ते आता कधीच कळणार नाही, कारण ते पान मी फाडलं.

तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही, दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर आहे. काल रात्री त्याला मेल टाकली. "तुझी चूक होती असं म्हणायला आमच्याकडे पुरावाच नव्हता. तो मी पुसला होता. सॉरी, फार उशिरा सांगतोय."

उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर पुढच्या वीकेंडला सांगेन.