मोबाइल आपलं नाव काय सांगतो?

मुलांनो, तुमच्या घरातला मोबाइल दिवसातून कितीदा थापा मारतो, ठाऊक आहे? जितक्या वेळा तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडता, जवळजवळ तितक्या वेळा!

संकेतस्थळाच्या दारात पोचला, की ब्राउझर आपली ओळख सांगतो. त्या ओळीला ‘यूजर एजंट’ म्हणतात. आणि गंमत पाहा, क्रोम असो, सफारी असो की फायरफॉक्स, सगळ्यांची सुरुवात ‘मोझिला’नंच! हे नाव मूळचं नेटस्केपचं. १९९० च्या दशकात काही संकेतस्थळं चांगली पानं फक्त ‘मोझिला’लाच देत. मग इंटरनेट एक्स्प्लोररनंही तेच नाव लावलं. २००८ साली आलेला क्रोम तर मोझिला, सफारी अशी भलतीच नावं घेतो आणि त्यांच्यातच हळूच स्वतःचंही सांगतो.

ओपेराची फजिती त्याहून मोठी. २००९ साली त्याची दहावी आवृत्ती आली. काही संकेतस्थळं पहिलाच आकडा वाचत. दहातला एक वाचला, की झाली पहिली आवृत्ती! शेवटी बिचाऱ्यानं ओळखीत ९.८० लिहिलं.

तुम्ही म्हणाल, हसण्यापलीकडं यात काय आहे? आमच्या अंबड तालुक्यात शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. शेवटचा दिवस. पडद्यावर आलं, ‘आपला ब्राउझर चालणार नाही.’ तिचे वडील गप्पच झाले. मोसंबीचे पैसे अजून यायचे होते, नवा मोबाइल कुठून आणणार?

“काका, पण बाकी सगळं तर चालतंय यावर!” ती म्हणाली.

खरंच होतं तिचं. ब्राउझरच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’ असं लिहिलेलं असतं. त्यावर खूण केली, की मोबाइल आपली ओळख संगणक म्हणून देतो. खूण केली आणि पान उघडलं! अक्षरं मुंगीएवढी, पण बोटांनी मोठी करत करत तिनं अर्ज भरला.

हा उपाय दर वेळी लागू पडतोच असं नाही, बरं का. खरं काम संकेतस्थळ बनवणाऱ्यांचं. आमच्याकडं मोसंबीचा व्यापारी नाव ऐकून भाव करत नाही, फळ कापून बघतो. तसंच संकेतस्थळानंही ‘तू कोण?’ न विचारता ‘तुला हे जमतं का?’ एवढं तपासावं. तशी सोय आहे, आणि जाणकार ती वापरतातही.

तुमच्या ओळखीत कुणाकडं आयपॅड असेल, तर त्याची ओळख जरूर बघा. २०१९ पासून तो स्वतःला मॅक संगणक म्हणवतो!