अनामतबाई

निवडणूक जाहीर झाली की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात बांबूचे कठडे उभे राहतात, चुन्याच्या रेषा पडतात आणि सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत अनामतबाईंचा दरबार भरतो. लोकसभेला त्यांचा मान २५,००० रुपयांचा, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मा, १२,५०० चा. चेक बाईंना चालत नाही. रोख मोजायची, नाहीतर कोषागारात चलन भरून पावती जोडायची. एका मतदारसंघात चार अर्ज भरले तरी बाई एकदाच हात पुढे करतात, एवढा मोठेपणा त्यांच्याकडे आहे.

पक्षाचा तालेवार उमेदवार येतो तेव्हा बाईंकडे कुणी बघतही नाही. बाहेर ढोलताशे, आत फोटो, आणि रक्कम कुणीतरी वकील किंवा पीए परस्पर भरून मोकळा झालेला असतो. बाईंना खरी किंमत येते ती अपक्षापुढे, किंवा ज्याच्या पक्षाचं नाव कारकुनाला दोनदा विचारावं लागतं त्याच्यापुढे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, याला मतदारसंघातले दहा लागतात. त्या दहांत मेहुणा असतो, रिक्षा स्टँडवरचे दोघे असतात आणि ऐनवेळी फोन न उचलणारा एक तरी असतोच. नोटा कागदात गुंडाळून आणलेल्या असतात. काहींनी लोकवर्गणी काढलेली असते, मग एक-दोन-पाचच्या नाण्यांची पिशवी टेबलावर येते आणि कर्मचारी कपाळाला हात लावून ढिगारे करत बसतात. दर निवडणुकीत कुठल्यातरी जिल्ह्यातून ही बातमी येतेच. उमेदवाराला तेवढीच फुकटची प्रसिद्धी.

बाईंचा जन्म १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातला. थोरली बहीण विलायतेत, तिचा १९१८ चा. हवशे, नवशे, गवशे यांना दारातच थोपवायचं, हे दोघींना नेमून दिलेलं काम. आपल्याकडे लोकसभेला तेव्हा ५०० रुपये ठरले, आणि ५०० ही त्या काळात चेष्टा नव्हती. तरीही पहिल्याच निवडणुकीत १,८७४ उमेदवारांपैकी ७४५ जणांच्या रकमा बाईंनी ठेवून घेतल्या. पुढे महागाई वाढली आणि बाई मात्र ५०० वरच. १९९६ पर्यंत त्या इतक्या स्वस्त झाल्या की लोकांनी त्यांचा वेगळाच उपयोग शोधून काढला.

बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायला उमेदवारांची रांगच लावली. एका जागेसाठी ४५६ उमेदवार. त्याच वेळी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने हाडं वाकलेल्या भागातल्या लोकांनी ४८० उभे केले. यातल्या बहुतेकांना संसदेत जायचंच नव्हतं. मतपत्रिका आवरेनाशी व्हावी आणि त्या निमित्ताने कुणीतरी विचारावं की बाबांनो, तुमचं दुखणं काय, एवढाच हेतू. त्या वर्षी देशभरात १३,९५२ उमेदवार होते, त्यांतल्या दहातल्या नवांची अनामत बुडाली.

सरकारने दुखण्याचं काय केलं ते सोडा. बाईंचा भाव मात्र झटक्यात वीसपट केला, ५०० चे १०,०००. दहा सूचकांची अटही तेव्हाचीच. १९९८ ला उमेदवार ४,७५० वर आले आणि दिल्लीत सगळ्यांना हायसं वाटलं. २०१० पासून २५,०००. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, तो आहे तिथेच.

एवढ्यानेही लोक थांबले म्हणावं तर तेही नाही. २०१९ मध्ये निजामाबादच्या १७८ शेतकऱ्यांनी हळदीला भाव आणि हळद मंडळ मिळावं म्हणून अर्ज भरले. एकूण उमेदवार १८५. प्रत्येक केंद्रावर बारा-बारा मतदान यंत्रं ओळीने मांडावी लागली. शेतकरी सगळे पडले. राष्ट्रीय हळद मंडळ २०२५ च्या जानेवारीत सुरू झालं, आणि त्याचं मुख्यालय निजामाबादलाच आहे. ते या १७८ जणांमुळेच झालं असं कुणी म्हणू नये. पण बाईंकडे ठेवलेला पैसा अगदीच पाण्यात जातो असंही मग म्हणवत नाही.

बाईंची खरी परीक्षा माघारीच्या दिवशी. गावाकडे निवडणूक लढवणाऱ्याला ‘उभा राहिलाय’ म्हणतात आणि माघार घेणाऱ्याला ‘बसला’. दुपारी तीनच्या आत बसलं तर अनामत सहीसलामत परत. त्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. ‘अण्णा, कशाला उन्हात फिरताय? तुमचं डिपॉझिट परत मिळतंय, वर आम्ही बघून घेऊ की.’ ते ‘वर’ किती, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागतात. जो बसत नाही त्याला मग ऐकावं लागतं की, हा मतं खायला उभा केलेला. म्हणजे बसला तर विकला गेला, उभा राहिला तर विकत घेतलेला. बाईंपाशी दोघांची पावती सारखीच. यात डमीही असतात, हे कबूल करायला हवं. मोठ्या उमेदवाराच्या गाड्यांचे परवाने आणि मोजणीचे जादा प्रतिनिधी या डमींच्या नावावर दाखवायचे, हा आरोप जुनाच आहे. त्यांची अनामत कुणाच्या खिशातून येते हे बाईंना ठाऊक असणार, पण नोटांना विचारायची त्यांना पद्धत नाही.

पंचवीस हजारांत मिळतं काय? यंत्रावर एक बटण, तेही तळाशी. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदणीकृत, मग अपक्ष. चिन्ह मिळतं ते उरलेल्यांतलं: शिट्टी, कपबशी, शिलाई मशीन, रोड रोलर. ते घराघरात पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ. रिक्षावर भोंगा लावून निघालेल्या माणसाला एका टोकाचं गाव बघून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचा प्रचार थांबलेला असतो.

मोजणीच्या दिवशी बाई एकच गणित करतात. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं हवीत. बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी अनामत गेली. ‘नोटा’ची मतं त्या हिशेबात धरत नाहीत. विलायतेतल्या थोरलीने १९८५ ला रक्कम ५०० पौंड केली, तेव्हा मतांची अट पाच टक्क्यांवर आणली. आपल्या बाई १६.६७ ला चिकटून आहेत. दिंडोरीत २०२४ ला ‘तुतारी’ चिन्हावरच्या एका अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. विजयी उमेदवाराचंच आडनाव, आणि त्या उमेदवाराच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, हे त्याचं भाग्य. तरी अनामत बुडाली, कारण तिथे दोन लाखांच्या पुढे मतं लागत होती.

पण बाई ताट बघून वाढत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं. त्याच वर्षी सांगलीत विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष लढले आणि लाखाच्या फरकाने निवडून आले. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांची अनामत मात्र जप्त झाली. २०१९ ला औरंगाबादेत वंचित बहुजन आघाडीच्या पाठिंब्यावर एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांनी निवडून आले, ट्रॅक्टर चिन्हावरच्या अपक्षाने पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली आणि काँग्रेसवर अनामत गमावायची पाळी आली. असे दिवस वाट्याला क्वचित येतात. एरवी बाई शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना रिकाम्या हाताने घरी पाठवतात.

माझं म्हणणं एवढंच की, ज्याच्यासाठी बाईंना दारात बसवलं तो त्यांना भीत नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या खर्चाची मर्यादा ९५ लाख. त्यात २५,००० म्हणजे एका सभेच्या मांडवाचं भाडंही नाही. हौशी माणूस तर त्यांना पुरून उरतो. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे पद्मराजन टायरचं दुकान चालवतात. १९८८ पासून दोनशेहून अधिक निवडणुका लढले, वाजपेयींपासून मोदींपर्यंत सगळ्यांसमोर, आणि हरण्यासाठीच लढतो असं हसत सांगतात. दचकतो तो मधला माणूस, ज्याला खरंच काही सांगायचं असतं आणि ज्याच्या घरी पंचवीस हजार म्हणजे मुलीची वर्षाची फी असते.

अनामत गेली म्हणजे सुटका झाली असंही नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय चुकला तर आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. जूनमध्ये निवडणूक शाखेच्या बाकड्यावर भोंग्याचं भाडं, पत्रकं आणि वडापाव यांची बिलं तारीखवार लावत बसलेले दिसतात ते बहुतेक हेच. एखादा फाइल देऊन उठतो, दारापर्यंत जातो आणि परत वळतो.

‘साहेब, विधानसभेला किती असतं हो डिपॉझिट?’

‘दहा हजार,’ कारकून मान वर न करता सांगतो. ‘सुटे आणू नका.’