परतीची वाट

जून उजाडला की धर्मग्रामातील कुणी ना कुणी पालक आमच्या दाराशी येतोच. गेल्या जूनमध्ये एक विधवा माउली आली. तिच्या लेकीला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाचीही सोय झाली होती. पण माउलीचे मन धजत नव्हते. "फादर, परक्या शहरात पोर एकटी कशी फिरेल?" आम्ही म्हणालो, "आम्ही येतो तिच्यासोबत."

वसईहून लोकलने दादर आणि तेथून पुण्याची गाडी धरून आम्ही तिघे निघालो. पुणे स्थानकावर उतरताच मेट्रो समोर होती. वनाझहून येणारा मार्ग मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत पोहोचला आहे. गरवारे महाविद्यालय, डेक्कन जिमखाना ही विद्यार्थ्यांची ठिकाणे याच मार्गावर येतात. स्वारगेटला जायचे तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. मेट्रो जेथे जात नाही तेथे पीएमपीएमएलची बस, आणि बसही नसेल तेथे रिक्षा किंवा पायपीट. पोरीने दिवसभरात सारे आत्मसात केले.

सायंकाळी आम्ही मुद्दाम रामवाडीला उतरलो. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून येथे आली. याच वास्तूत आमची उमेदीची वर्षे गेली. त्या काळी पुणे सायकलींचे शहर होते. आम्हीही एका जुन्या सायकलीवरून पुस्तकांच्या शोधात लक्ष्मी रस्त्यापर्यंत जात असू. पुण्यात कोठेही पोहोचण्याची विद्या आम्हांला अवगत होती. घरी तातडीने कसे पोहोचावे, हे मात्र आम्ही कधी शिकलो नव्हतो.

१९९२ च्या पावसाळ्यात वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. हाताशी पैसे नव्हते. ते उसने मिळवण्यात दोन तास गेले. दादरची एशियाड मिळाली, पण बोरघाटात ट्रक उलटून वाहतूक खोळंबली होती. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तो २००२ साली. तेव्हा घाटाला पर्याय नव्हता. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दफनविधी उरकला होता. आईने एकच प्रश्न विचारला, "एवढा उशीर का रे झाला?" त्याचे उत्तर आजही आमच्यापाशी नाही.

म्हणून त्या सायंकाळी आम्ही पोरीला एक चिठ्ठी लिहून दिली. रात्री मेट्रो बंद झाल्यावर एसटीच्या स्थानकावर कसे जावे, बोरिवलीची बस कोठून सुटते, बोरिवलीहून पहाटेची पहिली लोकल कोणती. चिठ्ठीत परतीच्या भाड्याइतके पैसे गुंडाळले आणि बजावले, "हे कशालाही मोडायचे नाहीत."

गेल्या महिन्यात माउलीला रात्री अचानक रुग्णालयात हलवावे लागले. आम्ही पहाटेची मिस्सा आटोपून तेथे गेलो. लेक आईचा हात हातात घेऊन उशाशी बसली होती. माउली शुद्धीवर होती. आम्हांला पाहताच पोर उठली आणि म्हणाली, "फादर, चिठ्ठीतले पैसे मोडले."