जठराचें मुकें दुखणें

२०२४ सालच्या पावसाळ्यांत आमचे वडील बंधु दादा न्युमोनियानें अत्यवस्थ झाले व अकरा दिवस कृत्रिम श्वासयंत्रावर होते. तिसरे दिवशीं औषधांच्या यादींत जठरांतील आम्ल कमी करणारें पांटोप्राझोल आमच्या दृष्टीस पडलें. दुखणें छातीचें, मग औषध पोटाचें कां? मातुःश्री तर स्पष्टच म्हणाल्या, "दादाचें पोट जन्मांत कधीं बिघडलें नाहीं. उगाच कशाला तें विष?" तेथील तरुण डॉक्टरांस आम्हीं हाच प्रश्न जरा सौम्य शब्दांत विचारला.

त्यांनीं सांगितलेली हकीकत अशी. शरीरावर मोठा घाला आला म्हणजे रक्त मेंदू व हृदय यांजकडे वळतें आणि जठराच्या अस्तराची उपासमार होते. मग आम्लापासून त्याला आपलें रक्षण करतां येत नाहीं. व्रण पडतात, प्रसंगीं रक्तहि वाहूं लागतें. रोगी बेशुद्ध, तो कण्हणार तरी कसा? नाकांतल्या नळींत कॉफीच्या गाळासारखें कांहीं दिसावें, किंवा शौचास डांबरासारखें काळें व्हावें, तेव्हां तें कळावयाचें. भाजलेल्या रोग्यांच्या आंतड्यांतील असे व्रण लंडनचे शस्त्रवैद्य कर्लिंग यांनीं १८४२ सालींच वर्णिले होते.

तेव्हां औषध सरसकट द्यावें, हें ओघानेंच आलें. परंतु १९९४ सालीं कॅनडांतील डेबोरा कुक व त्यांचे सहकारी यांनीं २२५२ रोगी पाहून दाखविलें कीं, गंभीर रक्तस्राव शंभरांत सुमारें दीड जणांसच होतो. आणि तोहि मुख्यतः दोन दिवसांहून अधिक काळ श्वासयंत्रावर असलेल्यांस, किंवा ज्यांचें रक्त नीट गोठत नाहीं त्यांस. शिवाय आम्ल म्हणजे जंतूंना अडविणारा द्वारपाल. तो हटविल्यास न्युमोनिया बळावेल, ही भीति होतीच. आणि दादांस तर न्युमोनियाच झालेला!

याचा निकाल चिठ्ठ्या टाकल्यासारखाच लावावा लागतो: निम्म्यांस औषध, निम्म्यांस तसेंच दिसणारें बिनऔषधी पाणी. येथें आमचें मन अडखळलें. आपल्या माणसाच्या शिरेंत काय जात आहे हें डॉक्टरांसहि ठाऊक नसावें, याला आम्हीं रुकार दिला असता काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, बहुधा नसता. तरी त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांत आठ देशांतील श्वासयंत्रावरील ४८२१ रोगी होते. औषध न मिळालेल्यांत गंभीर रक्तस्राव शंभरीं साडेतीन, मिळालेल्यांत एक. न्युमोनिया वाढला नाहीं. नव्वद दिवसांतील मृत्यूंत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

हें आम्हीं मातुःश्रींस समजावून सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, "तेवढें रक्त तरी वांचूं दे."

दादा घरीं आले. यंत्र सुटलें तरी तें औषध मात्र गोळीच्या रूपानें त्यांजबरोबर आलें! वहिनींनीं सात महिने तिचा सकाळचा नेम चुकूं दिला नाहीं. अखेर सहज विचारलें तेव्हां आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, "ही तर दवाखान्यांतच थांबवावयाची होती." तीं थांबविण्याचें सुचलें नाहीं तें त्यांस, तसेंच आम्हांसहि.

गोळी बंद झाली. उरलेली पट्टी मात्र मातुःश्री टाकूं देत नाहींत. ती देवघराच्या फडताळांत अंगाऱ्याच्या डबीशेजारीं आहे.